इंग्रजी क्रियापदं कानाने शिका: ठाणे–वाशी लोकलमधल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

ऐरोली, रबाळे, महापे इथल्या कंपन्यांत मुलाखतीला निघालेली मुलं नौपाड्यातल्या माझ्या संध्याकाळच्या बॅचला येतात, तेव्हा त्यांची तक्रार ठरलेली असते. "मॅडम, ग्रामर येतं, फक्त प्रनन्सिएशनचा प्रॉब्लेम आहे." काहीजण बरोबर उलट सांगतात: "बोलतो बिनधास्त, पण ग्रामर कच्चं आहे." दोघांनाही मी एकच वाक्य इंग्रजीत म्हणायला लावते: काल मी पाच वाजेपर्यंत काम केलं. उत्तर बहुतेक वेळा येतं, "यस्टरडे आय वर्क टिल फाइव्ह." तेच वहीत लिहायला सांगितलं तर शेवटी ईडी लावून अचूक लिहितात. नियम माहीत असतो, पण तोंडातून शेवटचा ट बाहेर पडत नाही. आता ही चूक व्याकरणाच्या खात्यात टाकायची की उच्चाराच्या? ऐकणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्या कानावर भूतकाळ आलेलाच नसतो.

मराठीत काळ सांगणारे प्रत्यय चांगले ऐसपैस असतात: केलं, करीन, करतोय. घाईत बोललं तरी काळ हरवत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापदाचं निम्मं व्याकरण इवल्याशा आवाजांत असतं: शेवटचा ट किंवा ड, स किंवा झ, 'आय'ला चिकटलेला ल नाहीतर व्ह. म्हणून व्याकरणाचं पुस्तक वेगळं आणि उच्चाराचा क्लास वेगळा अशी वाटणी मला पटत नाही. दोन्ही एकाच वेळी, आणि आधी कानाने शिकायचं.

या लेखातली इंग्रजी वाक्यं म्हणूनच उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. स्पेलिंग समोर आलं की आपण स्पेलिंग वाचत बसतो. शब्दात जोर कुठे आहे हे दाखवायचं असेल, तिथे त्या अक्षराआधी ′ ही खूण केली आहे.

पहिली पायरी: स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा

फोन घ्या आणि तीन विषयांवर प्रत्येकी मिनिटभर बोला: कालचा दिवस, रोजचा प्रवास, पुढच्या रविवारचा बेत. तीन विषयांत तीन काळ आपोआप येतात. तयारी करू नका, लिहून तर मुळीच काढू नका. दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर काय बोललो ते आठवत असतं, आणि कान गाळलेला आवाज स्वतःच भरून घेतो.

ऐकताना फक्त दोन गोष्टी मोजा. किती क्रियापदांचा शेवट गिळला, आणि किती ठिकाणी गरज नसताना 'आयएनजी' लावलं. बाकीच्या चुका सध्या सोडून द्या. हे रेकॉर्डिंग पुसू नका, पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: मराठी काळ कुठे घसरवतात ते ओळखा

शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ केलेला असतो. तो बाजूला ठेवा. रोजच्या बोलण्यात पाच-सहा रचनाच लागतात, आणि त्यातल्या आपल्या चुका ठराविक जागीच होतात, कारण त्या मराठीतून येतात. इंग्रजी माध्यमातली मुलंही त्या करतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. पण या चार घसरगुंड्या दोन्ही पिढ्यांत सारख्याच सापडतात.

पहिली 'समजतंय'ची. मला समजतंय, मला वाटतंय, मला ऐकू येतंय असं आपण सहज म्हणतो. त्यातून 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम हिअरिंग यू' तयार होतं. मनाची किंवा मालकीची स्थिती सांगणारी क्रियापदं इंग्रजीत सहसा 'आयएनजी' घेत नाहीत: नो, वॉन्ट, लाइक, बिलीव्ह, अंडरस्टँड, आणि 'माझ्याकडे आहे' या अर्थाचं हॅव. 'आय अंडरस्टँड', 'आय थिंक सो', 'आय कॅन हिअर यू' एवढं पुरतं. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' मात्र चालत नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण जेवणं ही कृती आहे.

दुसरी 'दहा वर्षांपासून राहतोय'ची. इथे मराठी साधा चालू वर्तमानकाळ वापरते, म्हणून आपण 'आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स' म्हणतो. तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे सांगायला इंग्रजीला 'हॅव बीन' लागतं: 'आयव्ह बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स.' किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर, कधीपासून ते सांगायचं असेल तर सिन्स. फॉर टेन इयर्स, सिन्स २०१५. मुलाखतीत 'सध्या काय करता' हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर याच रचनेत द्यावं लागतं. तेव्हा हे एक वाक्य स्वतःच्या तपशिलांसह झोपेतही म्हणता येईल इतकं घोटून ठेवा.

तिसरी 'गेलो होतो'ची. काल पुण्याला गेलो होतो, परवा डॉक्टरकडे गेले होते. मराठीत हे अगदी साधं वाक्य आहे, आणि त्याचं होतं 'यस्टरडे आय हॅड गॉन टु पुणे'. ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो, कारण 'हॅड' आला की दोन घटना अपेक्षित असतात आणि हॅडवाली त्यातली आधीची असते: 'व्हेन वी रीच्ट द प्लॅटफॉर्म, द ट्रेन हॅड लेफ्ट.' एकच घटना असेल तर 'आय वेंट टु पुणे'. मला विचाराल तर ठाणे–नवी मुंबईच्या ऑफिसांतली सगळ्यात पसरलेली चूक हीच. इतकी, की ती करणाऱ्याला उलट जास्त शुद्ध बोलल्यासारखं वाटतं.

चौथी 'काल पाठवलाय'ची. मराठीत 'मेल काल पाठवलाय' सहज चालतं. इंग्रजीत ठराविक वेळ सांगितली की 'हॅव' गेलंच पाहिजे: 'आय सेंट द मेल यस्टरडे.' वेळ न सांगता फक्त काम झालंय एवढं सांगायचं असेल तर 'आयव्ह सेंट द मेल.' पहिली रेल्वे ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी आली. तारीख आहे, म्हणून 'द फर्स्ट ट्रेन केम टु ठाणे इन १८५३'. तिथे 'हॅज कम' होणार नाही. गाडी आत्ताच सुटली असेल तर मात्र 'द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट'.

एक दिलासाही आहे. मराठीत 'त्याने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, वडे खाल्ले' असं कर्मानुसार क्रियापद बदलतं. इंग्रजीत काहीही खाल्लं तरी 'एट'च. इतकं गुंतागुंतीचं क्रियापद रोज बिनचूक वापरणाऱ्या माणसाने 'ही, शी, इट'नंतरच्या एका स-झला घाबरायचं कारण नाही.

अनियमित क्रियापदं अनेकजण ए टु झेड यादीने पाठ करतात. त्यापेक्षा आवाजाच्या कुटुंबांनी करा, पाढ्यांसारखी तालात. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, बिगिन-बिगॅन-बिगन. थिंक-थॉट, ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, कॅच-कॉट. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, फील-फेल्ट. कट, पुट, शट, कॉस्ट, हर्ट ही तर तिन्ही रूपांत तशीच राहतात. आणि 'रीड'चा भूतकाळ लिहायला तोच असला तरी ऐकायला 'रेड' आहे, हे डोळ्यांनी कधीच कळत नाही.

तिसरी पायरी: क्रियापदाचा शेवट

नियमित क्रियापदाला ईडी लागतं तेव्हा त्याचे तीन आवाज होतात. गळ्यावर बोट ठेवा. 'स्स्स' म्हटलं तर गळा थरथरत नाही, 'झ्झ्झ' म्हटलं तर थरथरतो. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज न थरथरणारा असेल (प, क, स, श, च, फ), तर पुढे ट: हेल्प्ट, वर्क्ट, पास्ट, फिनिश्ट, रीच्ट. थरथरणारा असेल तर ड: कॉल्ड, ओपन्ड, प्लेड, मूव्ह्ड. मूळ शब्दच ट किंवा ड वर संपत असेल, तेवढ्यापुरतं एक अख्खं अक्षर वाढतं: वॉन्टिड, नीडिड, स्टार्टिड.

आपल्याकडे दोन टोकाच्या चुका होतात. एक तर शेवट गिळणं. दुसरी, स्पेलिंग बघून 'हेल्पेड', 'आस्केड' असं अक्षर वाढवणं. त्यात दुसरी जास्त खटकते.

सरावाला पुढचा शब्द स्वराने सुरू होणारा घ्या, म्हणजे ट-ड त्या स्वरावर जाऊन बसतो आणि म्हणणं सोपं होतं. 'वर्क्ट ॲट' म्हणजे 'वर्क्-टॅट', 'कॉल्ड अस' म्हणजे 'कॉल्-डस', 'पिक्ट इट अप' म्हणजे 'पिक्-टि-टप'. पुढचा शब्द ट ने सुरू होत असेल, जसं 'वॉक्ट टु द स्टेशन', तर दोन ट एकमेकांत मिसळतात. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूसही तिथे वेगळा ट काढत बसत नाही. तिथे जीव काढू नका.

'ही, शी, इट'नंतरच्या शेवटाचंही हेच गणित: वर्क्स, लिव्झ, वॉचिझ. 'गोझ' आणि 'डझ'मध्येही झ आहे. 'से'चं 'सेझ' होतं, ऱ्हस्व ए घेऊन, 'सेड'सारखंच. हा झ म्हणजे 'झाड'मधला झ नव्हे. 'जवळ', 'जाड', 'जुना' यांतला ज घ्या, आणि जीभ दातांमागे टेकू न देता तो लांबवा, म्हणजे नेमका आवाज मिळतो. 'जेवण' आणि 'जीव'मधला ज इथे कामाचा नाही.

'आयल', 'आयव्ह', 'आयड', 'हीझ' या जोडरूपांना आळशीपणा समजू नका. बोलताना 'आय विल कॉल यू' असं सुटं-सुटं म्हटलं की धमकी दिल्यासारखं किंवा हट्ट केल्यासारखं वाटतं. साधं आश्वासन 'आयल कॉल यू' असं असतं. पण 'आयव्ह सीन इट'मधला व्ह गाळून 'आय सीन इट' केलंत, तर ती व्याकरणाची चूक होऊन बसते.

कॅन आणि कान्टची गंमत याच वर्गातली आहे. वाक्याच्या मध्ये 'कॅन' जवळजवळ 'कन्' होतं आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: 'आय कन् ′कम.' नकारात जोर कान्टवरही येतो, स्वरही पूर्ण उमटतो: 'आय ′कान्ट ′कम.' आपण होकारातही 'आय ′कॅन कम' असं ठासून म्हणतो. समोरच्याला शेवटचा ट ऐकू आला नाही असं वाटतं, आणि तुम्ही येणार नाही अशी तो समजूत करून घेतो. फोनवर तर हमखास.

चौथी पायरी: प्रश्न

इथे थोडक्यात आटोपते, कारण नियम एवढाच आहे: भूतकाळ एका वाक्यात एकदाच लागतो. 'डिड' आला की क्रियापद मूळ रूपात: 'डिड यू गो?' 'डिड यू वेंट' नाही. 'का'ने सुरू होणाऱ्या प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'व्हाय आर यू लेट?' पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम परत सरळ होतो: 'कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?' रिसेप्शनवर उभं राहून हे वाक्य बरोबर म्हटलं की बाकीचं अर्धं काम झालेलं असतं. ऑफिसात ऐकू येणारं 'डिस्कस अबाउट' आणि 'एक्सप्लेन मी'ही आजच सोडून द्या. 'डिस्कस द इश्यू' आणि 'एक्सप्लेन इट टु मी' म्हणा.

पाचवी पायरी: संयुक्त क्रियापदं आणि अप, ऑफ, अवे

खाऊन टाक, देऊन टाक, बसून राहा, करून घे. मराठीत मुख्य क्रियापदाला दुसरं जोडून आपण पूर्णता, घाई किंवा चिकाटी दाखवतो. इंग्रजीत तेच काम बऱ्याचदा अप, ऑफ, अवे, ऑन हे छोटे शब्द करतात. खा म्हणजे 'ईट', खाऊन टाक म्हणजे 'ईट इट अप'. दे म्हणजे 'गिव्ह', देऊन टाक म्हणजे 'गिव्ह इट अवे'. चालत राहा म्हणजे 'कीप ऑन वॉकिंग'. असं बघितलं की यादी पाठ करण्याचा कंटाळा बराच कमी होतो. अर्थात प्रत्येक जोडी इतकी सरळ नसते. 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणं, ते तर्काने कळणार नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कर्म 'इट' किंवा 'देम' असं सर्वनाम असेल तर ते मध्ये बसतं: 'पिक इट अप', 'पिक अप इट' नाही. आणि जोर त्या छोट्या शब्दावर येतो: 'पिक इट ′अप.' आपण 'पिक'वर जोर देऊन 'अप' खाली सोडतो, आणि नेमका अर्थ बदलणारा शब्दच ऐकू येत नाही.

सहावी पायरी: क्रियाविशेषण

व्याकरणातला माझा सगळ्यात आवडता नियम इथे आहे. मराठीत आपण म्हणतो: मी आज सकाळी ऑफिसमध्ये शांतपणे काम केलं. आधी वेळ, मग जागा, मग रीत, शेवटी क्रियापद. इंग्रजीत: 'आय वर्क्ट क्वायटली इन द ऑफिस धिस मॉर्निंग.' कर्ता सोडला तर क्रम बरोबर उलटा होतो. सुरुवातीला मराठी वाक्य मनात तयार होणारच. ते दाबू नका. कर्ता म्हणा, आणि उरलेलं वाक्य शेवटापासून मागे वाचत या.

क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये मात्र काही घुसवायचं नाही. 'आय लाइक व्हेरी मच मिसळ' नाही, 'आय लाइक मिसळ व्हेरी मच'. किती वेळा ते सांगणारे शब्द, म्हणजे ऑलवेज, ऑफन, युझ्वली, नेव्हर, मुख्य क्रियापदाच्या आधी येतात पण 'ॲम, इज, आर'च्या नंतर: 'आय युझ्वली टेक द स्लो ट्रेन', 'आय ॲम नेव्हर लेट'.

'ती छान गाते' या वाक्यातून एक जुनी चूक येते. मराठीत 'तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते' असं विशेषणच लिंग बदलून क्रियापदाला चिकटतं. त्यामुळे 'शी प्लेज गुड' आपल्याला मुळीच खटकत नाही. इंग्रजीत 'वेल' हवं. 'क्विक' नाही, 'क्विक्ली'. पण फास्ट, हार्ड, अर्ली, लेट हे शब्द 'ली' न घेताच क्रियाविशेषण होतात. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो मेहनती आहे, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो काम करतच नाही. अप्रेझलच्या मेलमध्ये हे नीट बघून घ्या. 'लेटली'चाही उशिराशी संबंध नाही, त्याचा अर्थ 'अलीकडे' असा आहे. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' यांना शेवटी 'ली' असूनही ती विशेषणंच आहेत.

आपलं 'अजून' इंग्रजीत दोन वाटांनी जातं. मी अजून ऑफिसातच आहे: 'आयम स्टिल ॲट द ऑफिस.' मी अजून जेवले नाही: 'आय हॅवन्ट ईटन येट.' चालू आहे तर स्टिल, मधे. व्हायचं राहिलंय तर येट, शेवटी. 'आधीच' म्हणजे 'ऑलरेडी', आणि ते बहुधा 'हॅव'च्या लगेच नंतर बसतं: 'आयव्ह ऑलरेडी ईटन.' 'हळूहळू'चं 'स्लोली स्लोली' करू नका. 'स्लोली' पुरे, किंवा 'लिटल बाय लिटल'.

आणि मग 'च'. मी ठाण्यातच राहतो: 'आय लिव्ह इन ठाणे ओन्ली.' आजच देतो: 'आयल गिव्ह टुडे इटसेल्फ.' भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की आपल्याआपल्यात कोणी थांबवत नाही, आणि थांबवायची गरजही नाही. पण परदेशी ग्राहकाला 'ठाणे ओन्ली' म्हणजे 'फक्त ठाण्यात' असं ऐकू जातं. मराठी जे काम प्रत्ययाने करते ते इंग्रजी आवाजाने करते. 'आय लिव्ह इन ′ठाणे' म्हणताना ठाणेवर सूर चढवा, थोडं लांबवा, झाला 'च'. 'आय लिव्ह ′इन ठाणे' असा जोर दुसरीकडे गेला तर अर्थही सरकतो. हे एक वाक्य पाच प्रकारे म्हणून बघा: 'आय गेव्ह हिम द फाइल टुडे.' जोर 'आय'वर म्हणजे मीच दिली, 'गेव्ह'वर म्हणजे दिलीच, 'हिम'वर म्हणजे त्यालाच, 'फाइल'वर म्हणजे फाइलच, 'टुडे'वर म्हणजे आजच. एवढा सराव दोन-चार दिवस केला की बोलण्याचा सपाटपणा जाऊ लागतो.

सातवी पायरी: शब्दातला जोर

एकच शब्द नाम असेल तर जोर सुरुवातीला आणि क्रियापद असेल तर शेवटी, अशा जोड्या इंग्रजीत बऱ्याच आहेत. ′रेकॉर्ड म्हणजे नोंद, रि′कॉर्ड म्हणजे नोंदवणं. ′प्रेझंट म्हणजे भेट, प्रि′झेंट म्हणजे सादर करणं. ′परमिट आणि पर′मिट, ′इन्क्रीस आणि इन्′क्रीस. शब्दाचं काम बदललं की बऱ्याचदा स्वरही बदलतात, हे लक्ष देऊन ऐका.

दुसरी गंमत 'एटी-ई'वर संपणाऱ्या शब्दांची. क्रियापदात शेवट स्पष्ट 'एट': ′सेपरेट म्हणजे वेगळं करणं, ′एस्टिमेट म्हणजे अंदाज बांधणं. तेच विशेषण किंवा नाम झालं की 'अट': ′सेपरट, ′एस्टिमट. क्रियाविशेषण विशेषणापासून बनतं, म्हणून 'सेपरटली', 'इ′मीडियटली', 'अन्′फॉर्चनटली', 'अ′प्रॉक्सिमटली'. मीटिंगमध्ये 'इमिजिएटली', 'अनफॉर्च्युनेटली' हे शब्द दिवसात कितीदा येतात, मोजून बघा. एवढे चार सुधारले तरी फरक जाणवतो. 'बेसिकली' तीनच अक्षरांचा आहे: ′बे-सिक्-ली.

आठवी पायरी: आवाज, पण महत्त्वाच्या क्रमाने

कंपन्यांमधल्या ट्रेनर्सच्या तोंडी 'एमटीआय' हा शब्द असतो. मातृभाषेची छाप, असा त्याचा अर्थ. ती पुसायलाच हवी असं मला वाटत नाही. समजायला अडथळा होतो तेवढीच काढावी. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली याच दृष्टीने मांडणी केली. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा कोणत्या आवाजांवाचून अडतं आणि कोणत्यांवाचून नाही, याची त्यांनी विभागणी केली. 'थिंक'मधला खास थ त्यांनी अनावश्यक गटात टाकला. स्वरांची लांबी, शब्दाच्या सुरुवातीचे प-ट-क आणि वाक्यातला मुख्य जोर मात्र आवश्यक ठरवले. आपल्या क्लासांत नेमकं उलटं चालतं. पहिले काही दिवस दातांत जीभ धरून थ काढण्यात जातात.

लांबीपासून सुरुवात करा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना आपण भांडतो, बोलताना फारसा फरक करत नाही. इंग्रजीत 'लिव्ह' म्हणजे राहणं आणि 'लीव्ह' म्हणजे निघणं. 'फिल' म्हणजे भरणं, 'फील' म्हणजे वाटणं. दोन्ही रोजची क्रियापदं आहेत.

सुरुवातीच्या ट ला इंग्रजीत हवेचा झोत असतो. आपण 'टाइम' कोरडा म्हणतो, तो परक्या कानाला 'डाइम'च्या जवळ वाटतो. ठाणेकरांना हा आवाज शिकवावा लागत नाही. 'ठाणे'मधला ठ घ्या, जीभ थोडी पुढे हिरडीवर आणा आणि 'टाइम', 'टेक', 'टॉक' म्हणा. 'क'ला ख कडे झुकवा: 'कॉल', 'कम'. तोंडासमोर हात धरला तर झोत जाणवला पाहिजे. स नंतर मात्र कोरडाच ट: 'स्टॉप', 'स्टेशन'.

आता व. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू यांचे आवाज वेगळे, मराठीत दोन्हींना मिळून एकच व आहे. त्यामुळे पत्ता सांगताना 'ठाणे व्हेस्ट' होतं, आणि तो शब्द बनियनचा आहे. वेस्ट, वर्क, वॉन्ट म्हणताना आधी 'उ'साठी करतो तसे ओठ गोल करा, दात लावू नका. 'व्हेरी', 'व्हिजिट', 'लिव्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा. आपण हा आवाज 'व्ह' असा लिहितो म्हणून त्यात ह घालायला जातो. तो ह नकोय.

रोजचा सराव, ठाण्याहून वाशीला जाताना

ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास लागतो. लोकलमध्ये घोषणा होते, 'नेक्स्ट स्टेशन, ऐरोली'. तिच्यात क्रियापद नाही, ते तुम्ही घाला. प्रत्येक स्टेशन सुटलं की मनात, गर्दी नसेल तर ओठांत, तीन वाक्यं म्हणा. आत्ताच काय झालं: 'वीव्ह जस्ट लेफ्ट ऐरोली.' काय चाललंय: 'वीर गोइंग टु रबाळे.' कधी काय झालं: 'वी लेफ्ट ठाणे ॲट टेन पास्ट एट.' तुर्भ्यापर्यंत हॅव आणि साधा भूतकाळ यांतली सीमा अंगवळणी पडते. २०२४ मध्ये सुरू झालेलं दिघा गाव स्टेशन आलं की आणखी एक म्हणा: 'दिघा गाव ओपन्ड इन २०२४.' सालासोबत 'हॅज' नाही.

घरी दहा मिनिटं एखाद्या छोट्या क्लिपसोबत बोला. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर फुकट साहित्य भरपूर आहे. एकच मिनिट निवडा, निवेदकाच्या अर्धा श्वास मागे राहून त्याच्यासोबत बोलत जा. अर्थ लावत बसू नका, चढ-उतार उचला. आठवडाभर तेच मिनिट ठेवा. रोज नवी क्लिप घेणारे फक्त ऐकतात, बोलत नाहीत. शब्द अडला तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. दोन्हींतला कुठलाही एक धरा आणि तोच चालवा.

शेवट नीट निघतोय का हे फोनच्या व्हॉइस टायपिंगने तपासता येतं, पण वाक्य विचार करून निवडा. 'यस्टरडे आय वर्क' म्हटलंत तरी फोन संदर्भावरून ईडी लावून देईल, आणि तुम्हाला वाटेल जमलं. दोन्ही रूपं बरोबर ठरतील अशी वाक्यं द्या: 'दे वॉक अ लॉट', 'दे वॉक्ट अ लॉट', 'वी हेल्प एव्हरीवन', 'वी हेल्प्ट एव्हरीवन'. इथे फोनला अंदाज बांधता येत नाही, जे ऐकू येईल तेच तो लिहितो.

बीपीओच्या भरतीत बऱ्याच ठिकाणी 'व्हर्संट' ही चाचणी असते. तिच्यात ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचा एक भाग येतो. वाक्य लांब असलं की माणूस मोठे शब्द धरतो आणि 'हॅव', 'टु', 'द' गाळतो. त्याच्या तयारीला शब्दसंग्रह वाढवण्यापेक्षा वरचा मागोमाग बोलण्याचा सराव जास्त उपयोगी पडतो.

महिन्याने पहिल्या पायरीचे तेच तीन विषय पुन्हा रेकॉर्ड करा आणि त्याच दोन गोष्टी मोजा. गिळलेले शेवट कमी झाले असतील तर पुढे जोराकडे वळा. तेवढेच राहिले असतील तर तिसरी पायरी आणखी पंधरा दिवस चालू ठेवा, नवीन काही घेऊ नका.

क्लास लावायचाच असेल तर डेमो लेक्चरला घड्याळ बघून बसा. तासाभरात तुम्ही स्वतः किती मिनिटं बोललात ते मोजा. फी भरण्याआधी एवढं विचारा: आमचं रेकॉर्डिंग कोण ऐकणार, आणि आठवड्यातून किती वेळा? उत्तरात फक्त नोट्स आणि पीडीएफचं नाव निघालं, तर पैसे खिशात ठेवा आणि वाशी लोकल पकडा.